दवाची चोरी

शालनबाई मेटकरींच्या हरभऱ्यावरची आंब कोणीतरी चोरून नेत होतं. कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बांधापलीकडची धाकटी जाऊ, विमल. दुसरं कोण असणार?

"मी सांजंला हरभऱ्यावर धोतर अंथरून येती," चहाची कपबशी पुढे सरकवत त्या म्हणाल्या. "सकाळी जाऊन बघावं तर कोरडं ठाक! ओलं उचलायचं, न् त्याच्या जागी आपलं कोरडं टाकून जायचं. म्हंजे शालनला वाटावं, यंदा आंब पडलीच न्हाई. लई डोक्याची बाई हाय ती."

"मावशी, धोतर चोरायला कुणी एवढ्या थंडीत रानात येतं का?" कोमल हसत म्हणाली.

"धोतर न्हवं गं. आंब!"

कोमल वाघमोडे थोरल्या बहिणीकडे, सारिकाकडे, हुरड्याला आली होती आणि हुरड्याच्या आधीच तिच्या पानात हे भांडण वाढलं गेलं होतं. शालनबाई म्हणजे सारिकाच्या सासूबाई. काळवट गावात त्यांच्या आंबेला मान होता. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आंबट रस पाझरतो. रात्री दव पडलं की रस दवात उतरतो, वर पसरलेल्या कापडात ते सगळं मुरतं, आणि सकाळी कापड पिळलं की निघते ती आंब. कुणाचं पोट फुगलं, कुणाला जेवण पचलं नाही, की अर्ध्या गावाला शालनबाईंची बाटली आठवायची. तेव्हा आंब गेली म्हणजे नुसतं आंबट पाणी गेलं नव्हतं. बाईंचा सगळा रुबाबच गेला होता.

"हसू नकोस," सारिका तिला आत नेऊन म्हणाली. "प्रकरण हाताबाहेर गेलंय. विमलकाकूंच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, आम्ही गेलो नाही. आमच्या पूजेला त्या आल्या नाहीत. विहीर एक, मळणीचं मशीन एक, आणि बोलणं बंद. वर त्या म्हणतात की चोर आमच्याच सासूबाई. त्यांच्या हरभऱ्यावरचं कापडही कोरडंच निघतंय म्हणे."

कोमलला तेव्हाच शंका यायला हवी होती. दोघींचंही कापड कोरडं, तर मग ओलं कुणाच्या घरी? पण आईवडील गेल्यापासून सारिकाचं घर हेच तिचं माहेर होतं, आणि माहेरपणाला आलेलं माणूस डोकं बाहेर चपलांपाशीच ठेवून येतं. शिवाय त्या दिवसांत कोमल फार खुशीत होती. तसा तिला हक्कही होता.

काळवटवरून घाट चढून गेलं की पठाराच्या काठावर धामणगड लागतं, तालुक्याचं गाव. गेल्या काही वर्षांत पाऊस पार बिथरला होता. आला तर चार तासांत सगळं धुऊन न्यायचा, नाहीतर तोंडही दाखवायचा नाही. तलावाची तडकलेली माती, टँकरमागे धावणाऱ्या बाया, उन्हाची सुट्टी म्हणून बंद शाळा, हे धामणगडचं रोजचं चित्र होतं. ते डॉक्टर कोमल वाघमोडेने पुसलं. तिने तिथे जलभिंती उभारल्या.

शास्त्र तसं सोपं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, हे घरोघरी माहीत असतं. काही क्षार हवेतली वाफ याहून कितीतरी हावरेपणाने ओढतात, इतकी की शेवटी स्वतःच विरघळून वाहून जातात. कोमलने असा क्षार गवारीच्या डिंकापासून केलेल्या मऊ लगद्यात कोंडला. वाफ आत येणार, क्षार बाहेर जाणार नाही. या लगद्याच्या पाट्या, पाट्यांच्या चौकटी आणि चौकटींच्या लांबच लांब भिंती. रात्री झडपा उघडल्या की पाट्या वाफ पिऊन फुगतात. सकाळी झडपा मिटल्या की ऊन त्यांना तापवतं, वाफ सुटते, थंड पत्र्यावर जमते आणि टाकीत नितळ पाणी उतरतं. वीज नको, बोअर नको.

पंखाही नको, आणि इथे कोमलची खरी हुशारी होती. रात्री पठार निवतं. तिथली हवा गार होऊन जड होते आणि खिंडीतून खालच्या खोऱ्यात ओघळते. कोमलने भिंती नेमक्या त्या खिंडीत बांधल्या. हवा आपल्या पायांनी चालत पाट्यांपाशी येणार, त्यांच्यामधून जाणार. जागेच्या या निवडीला मोठमोठ्या परिषदांत टाळ्या पडल्या होत्या. धामणगडच्या नळाला रोज पाणी यायला लागलं. कोमलने लगद्याची कृती कुलपात ठेवली नाही, जगाला फुकट देऊन टाकली. कुणी विचारलंच, की बाई, हवेतलं पाणी संपलं तर? तर ती हसून हिशोब दाखवायची. जमिनीपासून ढगांपर्यंत एवढी हवा, तिच्यात एवढी वाफ, त्यातली आपण घेतो ती चिमूटभर. वारा ती भरून काढतो.

हिशोब बरोबर होता. फक्त तो चुकीच्या हवेचा होता.

दुपार कलल्यावर रानात आगटी पेटली. सारिकाने कणसं भाजली, कोमलने तळहातावर चोळली. फुंकर मारली आणि सगळंच उडून गेलं. हातात चार सुरकुतलेले दाणे उरले.

"ताई, हे कणीस पोचट आहे."

"दुसरं घे."

दुसरंही तसंच होतं. शेव, गूळ, लसणाची चटणी असा सगळा सरंजाम पानावर मांडलेला आणि मधली जागा रिकामी. सारिका ओशाळली. "यंदा दाणा भरायला उशीर लागलाय," ती म्हणाली. "खालच्या रानात तर अजूनच वाईट आहे. चिकट्याचा रोग पडला असेल म्हणून फवारून झालं." भरायचं राहिलंय असं ती म्हणत होती, पण तिच्या आवाजाचा तिलाच भरवसा वाटत नव्हता. यंदाची सगळी ज्वारी बियाणं म्हणून विकायच्या बोलीवर लावलेली होती. ती गेली तर वर्षच गेलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना शालनबाईंनी कोमलला हलवून उठवलं. "चल. तू शिकलेली हाईस. तू साक्षीदार."

शाल गुंडाळून कोमल निघाली. मनात म्हटलं, जाऊ या, दोघींचं भांडण तरी मिटेल. हरभऱ्याचं रान बांधाच्या अलीकडे पसरलं होतं, मधोमध पांढरं धोतर. शालनबाईंनी खाली वाकून ते उचललं, पिळायचा आव आणला आणि विजयाने कोमलपुढे धरलं.

"बघ! बदललं का न्हाई?"

कोमलने कापड हातात घेतलं. ते दमटसुद्धा नव्हतं. एका कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची खूण होती, ताजी, रंग अजून न विटलेली.

"मावशी, ही खूण कुणाची?"

शालनबाईंनी खूण बघितली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "ही तर मीच काल घातली. चोर धरायसाठी."

म्हणजे धोतर तेच होतं. कुणीही बदललं नव्हतं. कोमलने त्याचा कोपरा जिभेला लावला. आंबटपणाचा लवलेश नाही. मग तिने हरभऱ्याचं एक पान तोडून चाटलं आणि तिची जीभ झणझणली. पानावर रस होता, भरपूर होता. रस उतरवून घ्यायला पाणीच नव्हतं.

ती खाली वाकली. गवताच्या पात्यावरून हात फिरवला, कोरडा. ज्वारीच्या पानावरून फिरवला, धूळ हाताला लागली. पौष महिना, निरभ्र आभाळ, हाडं गोठवणारी थंडी, आणि रानभर दवाचा एक थेंब नाही. अशा पहाटेला लहानपणी रानातून चालताना परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा.

"काय झालं गं?" शालनबाई घाबरल्या.

कोमल वळली. पळत जीपकडे गेली आणि ओलावा मोजायचं हातात धरायचं यंत्र घेऊन आली. ते जमिनीलगत धरलं. आकडा बघितला, यंत्र झटकलं, पुन्हा धरलं. मग तिने मान वर करून घाटाकडे पाहिलं. खिंडीत सकाळच्या पहिल्या उन्हात जलभिंती चमकत होत्या. तिला वर्षभर त्या किती सुंदर वाटायच्या! आत्ता तिला त्यांच्याकडे बघवेना.

सारिका धावत आली तेव्हा कोमल यंत्र मांडीवर घेऊन बांधावर बसली होती.

"ताई, चोर सापडला," ती म्हणाली. "मी आहे."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"ऐक. दिवसा ऊन असतं, हवा वर-खाली घुसळत राहते. त्या हवेत पाणी चिक्कार असतं, आणि मी हिशोब त्याचा केला होता. पण थंडीच्या रात्री हवा घुसळत नाही. जमिनीवर गार हवेचा एक पातळ थर बसतो, घोंगडी अंथरल्यासारखा. वरची हवा वर राहते, खालची खाली. दव पडतं ते या घोंगडीतल्या पाण्याचं. आणि तुमच्या खोऱ्याची घोंगडी येते ती धामणगडच्या खिंडीतून, माझ्या भिंतींमधून. मी ती तिथेच पिळून घेते आणि कोरडी करून तुमच्या अंगावर टाकते."

"आणि ज्वारी?"

"ही रब्बीची ज्वारी. तिला पाणी कोण देतंय? काळी माती आणि दव. सकाळी पानं ओली असली की ऊन चढेपर्यंत झाडाला मातीतलं पाणी खर्चावं लागत नाही. तेवढ्या बचतीवर ती शेवटी दाणा भरते. पाऊस नीट होता तेव्हा दव नसतं तरी भागलं असतं. आता नाही भागत."

सारिकाने शेजारच्या ताटाचं कणीस मुठीत आवळलं. त्याचा भुसा होऊन बोटांमधून गळाला. ती बहिणीकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी. गावभर ती सांगत फिरायची, धामणगडच्या भिंती माझ्या कोमलने बांधल्यात म्हणून.

शालनबाईंना हवेच्या थराचं कितपत कळलं, देव जाणे. त्यांना कळलं ते वेगळंच. त्या धोतराकडे बघत पुटपुटल्या, "म्हंजे विमलनं नेली न्हवती?"

"नाही मावशी."

"मी तिला भर पारावर चोर म्हनली की गं. तिच्या पोटुशा सुनंच्या तोंडावर."

त्या तशाच अनवाणी बांध ओलांडून गेल्या. विमलबाई अंगणात सडा टाकत होत्या. थोरली जाऊ दारात बघून त्यांच्या हातातली बादली खाली आली. शालनबाई त्यांचा हात धरून रडायला लागल्या. मागोमाग आलेल्या कोमलने जे घडलं ते सांगितलं. विमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "अक्का, मी पन तुमाला लई शिव्या दिल्या. भैरोबाला कौल लावला हुता तुमच्या नावाचा." सगळ्या गावात हेच चाललं होतं, हे दुपारपर्यंत उघड झालं. जिथे जिथे हरभरा होता तिथे तिथे भावकीत वितुष्ट आलं होतं. दोन घरांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या. कोमलला ऐकवेना. पाणी गेलं ते गेलंच, पण जाताना ते माणसांमध्ये एवढी आग लावून गेलं होतं, आणि तिला घाटावर बसून याचा पत्ताही नव्हता.

त्याच दिवशी ती धामणगडला नगराध्यक्षा हेमलता निकमांसमोर उभी राहिली.

"झडपा बंद करायच्या?" निकमबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "डॉक्टर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"कायमच्या नाही. दाणा भरायचे हे शेवटचे दिवस. आधी आठवडाभर बंद ठेवून बघू. दव परत आलं तर माझं म्हणणं खरं. मग दरवर्षी थंडीत तेवढ्या दिवसांपुरत्या बंद. टाक्यांत साठा आहे, काटकसर करावी लागेल, थोडे टँकर लागतील."

"टँकर हा शब्द या इमारतीत उच्चारू नका. टँकरच्या शेवटच्या रांगेत एक बाई चेंगरून मेली, ती माझ्या वॉर्डातली होती. तुमच्या बहिणीच्या ज्वारीसाठी मी लोकांना पुन्हा तिथे उभं करू?"

"खालचं पीक वर पाणी म्हणून येतंय, मॅडम. धामणगड काळवटची ज्वारी पितंय."

निकमबाई रागावल्या, टेबलावर हात आपटला, मग टाक्यांतल्या साठ्याचे आकडे मागवून बघितले. त्या वाईट बाई नव्हत्या. "एक आठवडा," त्या शेवटी म्हणाल्या. "लोकांना दुरुस्तीचं कारण सांगा. खरं सांगितलंत तर उद्या दोन गावांत दगड चालतील."

कोमलने स्वतःच्या हाताने झडपा मिटल्या. गावात लोकांनी तिला रस्त्यात अडवून विचारलं, नळ कधी सुटणार? ती दुरुस्ती, दुरुस्ती म्हणत राहिली. खोटं बोलायची सवय नव्हती तिला. जिभेला कडू चव राहायची.

आणि एका सकाळी सारिकाचा फोन आला. ती बोलतच नव्हती, नुसती हुंदके देत होती. मागून शालनबाईंचा आवाज ऐकू येत होता, "सांग की गं तिला! वाटी भरली म्हनावं!"

कोमल गेली तेव्हा सगळं रान चकाकत होतं. ज्वारीच्या पानांवरून थेंब ओघळत होते. शालनबाई आणि विमलबाई दोन बाजूंनी धोतर पिळत होत्या आणि खाली पितळी वाटीत आंब गळत होती. गावातली म्हातारी माणसं नुसती रानातून चालत होती, धोतरं भिजवून घेत. कोमलला रडू कोसळलं. आपलंच म्हणणं खरं ठरल्याचं एवढं दुःख आणि एवढा आनंद एकाच वेळी होईल, असं तिला वाटलं नव्हतं. उशिरा पेरलेल्या रानातला दाणा अजून वाचणार होता. आता फक्त दरवर्षीचा नियम करून घ्यायचा. त्यासाठी गावाने एकमुखाने मागणी केली की निकमबाईंनाही आपल्या लोकांना तोंड देता येईल.

ग्रामसभा भैरोबाच्या सभामंडपात भरली. अख्खं गाव लोटलं होतं. कोमलने पुन्हा सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही ठराव करा. थंडीत भिंती बंद. मी तुमच्या बाजूने उभी राहते."

कुणी टाळी वाजवली नाही. सरपंच खाकरले. "मॅडम, तुमचे उपकार आहेत. पण पोरांनी बसून वेगळा विचार केलाय. सारिकावैनी, तुम्हीच सांगा."

सारिका उठली. बहिणीकडे न बघता बोलू लागली.

"धामणगडकर आज ऐकतील, उद्या ऐकणार नाहीत. त्यांना पाणी लागणारच आहे. मग आमचं दव त्यांच्या मेहरबानीवर. त्यापेक्षा आमची पण खिंड आहे. ओढ्याच्या तोंडाला, जिथून हवा खोऱ्यातून बाहेर पडते. तिथे आमची भिंत बांधायची. आमच्या रानावरून गेलेलं दव खाली जाण्याआधी तिथे धरायचं. ठिबकनं पिकाला द्यायचं. धामणगडनं घेतलं तरी निम्मं परत मिळेल, नाही घेतलं तर दुप्पट. उन्हाळ्यात प्यायलाही होईल."

मंडपात एकदम गलका उठला. माणसं माना डोलवत होती. कोमल पुन्हा पुढे आली.

"ताई," ती म्हणाली, "ओढ्याच्या खाली ओढेगाव आहे. त्याच्याखाली आणखी गावं आहेत. त्यांचीही ज्वारी दवावर आहे."

"असू दे की."

"त्यांचं दव जाईल! तुमचं गेलं तसं!"

"जाईल," सारिका म्हणाली. आता तिने कोमलकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता. "पण त्यांना कुठं कळणारे? आम्हाला तरी कुठं कळलं? तू नसतीस आलीस तर आम्ही अजून आपसात भांडत बसलो असतो. तेही बसतील."

कोमलला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी म्हणेल, पोरी, हे बोलणं शोभतं का तुला. तिने शालनबाईंकडे बघितलं. दोघी जावा मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. ज्या बाईने शेजारणीला खोटंच चोर म्हटल्याबद्दल अनवाणी जाऊन माफी मागितली होती, तिने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. विमलबाई पुटपुटल्या, "आमचं बी पोटच हाय की."

ही दुष्ट माणसं नव्हती. ही तिची माणसं होती. काल दवाने भिजलेल्या धोतराला डोळ्यांना लावून रडलेली.

"मी देणार नाही भिंत," ती कशीबशी म्हणाली.

सरपंच अवघडले. "मॅडम, तुमच्याकडं मागत नाही आम्ही. कृती तुम्हीच सगळ्यांना खुली केलीय. पोरं शिकलेली आहेत, डिंकाची ऑर्डरसुद्धा गेली. तुम्ही उभ्या राहिलात तर काम सुबक होईल, एवढंच."

ती मंडपातून बाहेर पडली तेव्हा कुणी अडवलं नाही. जीपपाशी मात्र सारिकाने तिला गाठलं.

"चाललीस धामणगडला?"

"नाही. खाली. ओढेगावला."

सारिकाला समजायला क्षणभर लागला. मग तिने जीपचं दार धरलं. "कोमल, माझी पोरं ह्या रानावर जगतात. तुझ्याच भिंतीनं आम्हाला खड्ड्यात घातलं, आता आम्ही हातपाय मारून वर येतोय तर तू खालच्यांना आमच्या अंगावर घालणार? ते येतील ना काठ्या घेऊन. माझ्या दारात येतील."

"म्हणूनच आत्ता सांगायचं, ताई. भिंत उभी राहायच्या आधी. दोन्ही गावं मिळून धामणगडला गेली तर निकमबाई…"

"मला शिकवू नकोस. तू गेलीस, तर परत इकडं यायचं नाही. हे माहेर नाही तुझं."

कोमलने दारावरचा तिचा हात काही वेळ तसाच राहू दिला. बोटं तिच्यासारखीच होती, फक्त जास्त फुटलेली. मग तिने तो हळूच बाजूला केला आणि जीप सुरू केली. आरशात सारिका रस्त्याच्या मधोमध उभी दिसत होती. तिने हाक मारली नाही आणि कोमलने मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती पुढे गेली नसती.

ओढेगाव लहान होतं. वेशीवरच्या पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी आणि तिची सून शेंगा फोडत बसल्या होत्या. अंगणापलीकडून लगेच हरभऱ्याचं रान सुरू होत होतं, हिरवंगार, आणि कडेच्या काठीवर आदल्या रात्रीचं ओलं कापड वाळत होतं. अनोळखी बाई जीपमधून उतरलेली बघून सून आत गेली आणि रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हातारीने सूप बाजूला सारून बसायला जागा केली.

"या बाई. कुठनं आलासा?"

"काळवटहून."

"काळवटच्या कुनाच्या म्हनायच्या?"

कोमलच्या हातात तांब्या होता. ते पाणी मात्र तिला पिववेना. तिने तांब्या न पिताच ओट्यावर ठेवला.

"सारिका मेटकरीची बहीण," तिने सांगितलं, आणि मग बाकीचं सगळं सांगायला सुरुवात केली.